गाडी अगदी दारापर्यंत जाते

घर हलवणं म्हणजे काय असतं ते ज्याने हलवलं त्यालाच कळतं. आणि तेच घर सपाटीवरून उचलून डोंगराच्या खांद्यावर नेऊन ठेवणं म्हणजे काय असतं, ते मास्तरांना विचारा. किंवा नकाच विचारू. अजून त्यांचा त्या विषयावर नीट आवाज फुटत नाही.

मास्तर म्हणजे भूगोलाचे मास्तर. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना पृथ्वीचा एक गोल भेट दिला. तो टेबलावर ठेवून बोटाने फिरवता फिरवता त्यांच्या डोक्यात डोंगर शिरला. जन्मभर फळ्यावर खडूने डोंगर काढले, आता एखाद्या खऱ्या डोंगरावर जाऊन राहायचं. एका दलालाने त्यांना दोन खोल्यांचं लाकडी घर दाखवलं, पुढे ऐसपैस व्हरांडा, मागे झाडी. मास्तरांनी ते घेऊन टाकलं. आणि त्या दिवसापासून भेटेल त्याला, विचारलेलं असो वा नसो, ते एकच वाक्य ऐकवत सुटले, "गाडी अगदी दारापर्यंत जाते."

आता हे वाक्य खोटं होतं असं कुणी म्हणू नये. दलालाची जीप कोरड्या दिवशी, पुढे मास्तर आणि मागे मास्तरीणबाई अशी, खरोखरच दारापर्यंत गेली होती. प्रश्न एवढाच होता, की रस्ता कसा आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच वळणावर खिडकीतून खाली पाहिलं, तर खाली म्हणून जे काही असतं ते फारच खाली होतं. मास्तरांनी डोळे मिटले, ते जीप थांबल्यावर उघडले. मधल्या वेळात दोनदा डोकं टपाला आपटलं आणि एकदा पायाला गार पाणी लागलं, एवढीच त्यांची रस्त्याबद्दलची माहिती. खाली उतरल्यावर मात्र त्यांनी कमरेवर हात ठेवून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "काय सुंदर रस्ता आहे!"

भूगोलाच्या मास्तरांनी घाटात डोळे मिटले, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. त्यांनी ती पोटातच ठेवली. बाई मागच्या सीटवर सबंध वाटभर चिडीचूप होत्या. म्हणजे त्यांनीही डोळे मिटले असणार, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला, कारण उघड्या डोळ्यांनी असल्या रस्त्यावर गप्प बसणारी बाई त्यांच्या माहितीत नव्हती. आणि हेच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. बाईंना रस्ता कळला, तर त्या वर राहायला यायच्या नाहीत. आणि बाई नसतील, तर तो डोंगर काय चाटायचाय?

त्यात मेहुणा टपूनच बसलेला. हा बाईंचा धाकटा भाऊ, लिफ्टच्या इमारतीत राहणारा, आणि लिफ्ट आपणच शोधून काढली अशा थाटात बोलणारा. डोंगराची बातमी कळल्यापासून तो रोज संध्याकाळी येऊन सोफ्यावर बसायचा.

"भावोजी, तिथे डॉक्टर येईपर्यंत पेशंट बरा होऊन त्यालाच चहा करून देईल."

"गाडी अगदी दारापर्यंत जाते," मास्तर म्हणायचे.

"ताई, तुझी खोली मी झाडून पुसून ठेवलीय हं. केव्हाही ये." हे वाक्य तो जाता जाता हसून सांगायचा. मास्तरांना ते हसू अजिबात आवडत नसे.

मग एके दिवशी बाईंनी आरशाच्या कपाटाचा विषय काढला. हे कपाट म्हणजे लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू. जाडजूड लाकूड, दारावर माणसाएवढा आरसा, वजन असं की इतक्या वर्षांत त्याच्या मागे पडलेली कुठलीही गोष्ट परत वर आलेली नाही.

"अहो, कपाट राहू दे. भावाकडे ठेवू."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बाई असं म्हणतायत याचा अर्थ सरळ होता. कपाट भावाकडे, म्हणजे कपडे भावाकडे. कपडे भावाकडे, म्हणजे एक पाय भावाकडे. आणि झाडून पुसलेली खोली आहेच तयार. दोन महिन्यांनी, "जरा हिवाळ्याचे कपडे घेऊन येते हं," म्हणून बाई खाली उतरणार, आणि मग डोंगरावर कोण? मास्तर आणि पृथ्वीचा गोल!

"कपाट येणार म्हणजे येणार," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय घराला घरपण नाही."

"अहो पण ते जड आहे."

"जड असेना. गाडी अगदी दारापर्यंत जाते."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

त्यानंतर मास्तरांनी सामान हलवणाऱ्यांना फोन करायचा सपाटा लावला. पहिल्या ठिकाणी एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं, "कितवा मजला, सर?"

"मजला नाही. डोंगर आहे."

"हो सर. लिफ्ट आहे का?"

दुसऱ्याने 'डोंगर' ऐकताच, "आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये," असं खणखणीत आवाजात सांगून फोन ठेवला. तिसऱ्याने पावसाळा गेल्यावर करा म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, पावसाळा गेलाय. तो म्हणाला, मग पुढचा गेल्यावर करा.

शेवटी एक मुकादम स्वतःच घरी आला. अंगाने भरदार, मिशा वळवलेल्या आणि हातात एक मोठा रुमाल. पुढे लक्षात आलं की या माणसाने उभ्या हयातीत रुमालाहून जड काहीच उचललेलं नाही. पण बोलण्यात पक्का.

"डोंगर? अहो साहेब, आम्ही पियानो चढवलाय डोंगरावर."

"कुठल्या?"

"उंच होता," मुकादम म्हणाला. "रस्ता कसाय?"

"गाडी अगदी दारापर्यंत जाते."

"कुठली गाडी?"

खरं तर इथे मास्तरांना सावरायला चांगली जागा होती. 'जीप' एवढं एक अक्षर—बरं, दोन अक्षरं—म्हटली असती, की ही गोष्टच घडली नसती. पण सोफ्यावर मेहुणा बसला होता. पायावर पाय टाकून, मान वाकडी करून, मास्तर काय उत्तर देतात ते ऐकायला कान टवकारून बसला होता. मास्तरांची मान ताठ झाली.

"कुठलीही," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात कसलंतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

सामान बांधायला घेतल्यावर शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस एकवेळ उसनी साखर देणार नाही, पण सल्ला मात्र दार ठोठावून देतो. खालच्या मजल्यावरचे वकील संध्याकाळी येऊन म्हणाले, "मास्तर, मुकादमाकडून 'दार' या शब्दाची व्याख्या लिहून घ्या. नाहीतर तो ट्रकच्या दारापर्यंत आणून देईल आणि हात झटकेल." समोरच्या काकूंनी आरसा उभाच न्यायचा, आडवा नेला की तडकतो, असं बजावलं. वकील म्हणाले, उभा नेला की तडकतो. यावरून त्या दोघांचं जिन्यात जे जुंपलं त्यात आरसा राहिला बाजूला, आणि काकूंनी वकिलांच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं सात वर्षांपूर्वीचं प्रकरण वर काढलं. मास्तरांनी हळूच दार लोटून घेतलं.

आत बाईंचं भलतंच काहीतरी चाललं होतं. मास्तरांनी पुस्तकं भरलेली मोठमोठी खोकी त्यांनी पुन्हा रिकामी केली होती आणि पुस्तकांचे लहान लहान गठ्ठे बांधायला घेतले होते. पलंगाचे भाग सुटे केले, गादीच्या सुरळ्या केल्या, भांडी पोत्यांत भरून प्रत्येक पोत्याला खांद्यावर येईल असा दोरीचा पट्टा लावला.

"अगं, हे काय? आपण घर हलवतोय, बाजारहाट नाही करत. एवढा मोठा ट्रक येतोय!"

"असू दे हो. उचलायला बरं पडतं."

वर कहर म्हणजे त्यांनी स्वतःसाठी जाड तळाचे बूट आणले. "तुम्हीही घ्या," म्हणाल्या. मास्तर हसले. गाडीतून उतरून चार पावलं चालून घरात जायचं, त्याला बूट कशाला? चपला पुरेत. अर्थात मनातून ते सुखावले होते. बाई बूट घेतायत म्हणजे यायचं मनावर घेतायत. आता फक्त कपाट तेवढं वर पोचलं पाहिजे, की मागे परतायला काही उरलं नाही.

ट्रक आला तो गल्लीतच शिरेना. कुठलीही गाडी चालते म्हटल्यावर मुकादमाने त्याच्याकडची सगळ्यांत दांडगी गाडी आणली होती. ती कोपऱ्यावर उभी राहिली आणि सगळं सामान गल्लीभर मिरवत न्यावं लागलं. मुकादम रुमाल हलवत ओरडत होता, "उचल! हां! सांभाळ! माझ्याकडे बघ!" त्याच्याकडे बघण्याच्या नादात एका हमालाने समोरच्या काकूंच्या कुंड्यांवर पलंगाची फळी टेकवली. वकील गॅलरीतून, "साक्षीदार मी आहे!" असं ओरडले. कोणाच्या बाजूने ते सांगितलं नाही.

मेहुणा निरोप द्यायला आला होता. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "भावोजी, वर पोचलात की फोन करा. मी विचारणारच आहे रस्ता कसा होता ते."

डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याचा नाका लागला. आतल्या पहारेकऱ्याने ट्रकमध्ये डोकावून विचारलं, "लाकूड?"

"घरसामान आहे," मास्तर म्हणाले.

"ते कपाट कशाचंय?"

"लाकडाचं."

"मग लाकूडच की. जंगलातून लाकूड न्यायचं तर परवाना लागतो."

"अहो, पण मी जंगलातून नेत नाहीये. जंगलात नेतोय."

पहारेकरी विचारात पडला. बाहेर नेणाऱ्यांना अडवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आत नेणारा हा पहिलाच. "त्याचा नियमच नाहीये," तो म्हणाला, "म्हणजे जास्तच अवघड आहे. उद्या तुम्ही हे कपाट खाली आणलंत, तर ते आमच्या जंगलातलं नाही हे मी कशावरून मानायचं?"

"ते खाली येणार नाही," मास्तर एकदम तळमळून म्हणाले. "कधीच येणार नाही."

पण पहारेकऱ्याला तळमळ पुरत नव्हती. त्याने आतून एक हातोडी आणली. ओंडक्यांवर सरकारी शिक्का उठवतात ती. आणि मास्तर 'अहो अहो' म्हणेस्तोवर कपाटाच्या बाजूवर ठाण्णकन शिक्का मारला. "आता हे बाहेरचं लाकूड," तो समाधानाने म्हणाला. मास्तरांनी घाबरून बाईंकडे पाहिलं. त्या जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट करत हसत होत्या.

आणि मग घाट सुरू झाला. मास्तर ड्रायव्हरच्या शेजारी होते, बाई पलीकडे खिडकीशी. पहिल्या वळणाला मास्तरांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर ट्रक थांबला, मागे गेला, पुढे आला, मागे गेला आणि गप्प झाला. ट्रक काही हलेना, तेव्हा मास्तरांनी एक डोळा किलकिला केला. काचेच्या पुढे रस्ता नव्हताच. नुसतं आकाश होतं, आणि त्यात एक घार.

"साहेब," ड्रायव्हर अतिशय शांतपणे म्हणाला, "तुम्ही सगळे हळूच उतरा. मोठ्याने श्वास घेऊ नका."

सगळे उतरले. ड्रायव्हरने घाम पुसत पुसत ट्रक कसाबसा मागच्या रुंद जागेत नेऊन उभा केला, चाकांना दगड लावले आणि स्वतः त्यांतल्याच एका दगडावर बसला. इथून पुढे ही गाडी जाणार नाही, आणि आपणही नाही, असं त्याने जाहीर केलं. दलालाला जीपसाठी फोन करावा, तर फोनला रेंज नाही.

मुकादम मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. "कुठलीही गाडी जाते म्हणाला होतात."

"तशी जाते," मास्तर म्हणाले. "रस्ता हल्लीच... आखडलेला दिसतोय."

भूगोलाच्या शिक्षकाने असं विधान करावं याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. पण आता आणखी मोठी पंचाईत होती. मुकादम हात झटकून म्हणाला, "अहो, पण एवढं मोठं सामान आता खांद्यावरून न्यायचं कसं?" आणि बघतो तर काय, त्याचे हमाल एकेक गठ्ठा उचलून चालायलाही लागले होते. पुस्तकांचा प्रत्येक गठ्ठा एका खांद्याचा. भांड्यांचं प्रत्येक पोतं एका पाठीचं. गादीच्या सुरळ्या, पलंगाचे सुटे भाग, सगळं असं बेतशीर, की कुणाला कुणाची मदत लागू नये. मास्तर बघतच राहिले. बाई पृथ्वीचा गोल काखेत घेऊन, नव्या बुटांनी, चढ चढायलाही लागल्या होत्या.

उरलं कपाट. ते चौघांनी उचललं. चौघं पुरेनात, तेव्हा हमालांनी मुकादमाकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला रुमाल खिशात घालावाच लागला. हयातीत पहिल्यांदा त्याने ओझ्याला खांदा दिला. पुढच्या वळणापर्यंत त्याने तो नेटाने दिला, आणि तिथे "आई गं!" करून रस्त्याकडेच्या गवतावर लांब झाला. त्याच्या कमरेत उसण भरली होती. त्याच सुमारास मास्तरांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी तो एका गठ्ठ्याच्या दोरीने बांधला आणि फरफटत फरफटत कपाटापाशी आले. कपाट रस्त्याच्या मधोमध उभं होतं. त्याचं दार उघडलं होतं, आणि हमाल पाळीपाळीने आरशात बघून केस विंचरत होते. वारा आला की दार हलायचं, मग पुढच्याने ते धरायचं आणि आपला भांग पाडायचा.

"साहेब," मुकादम गवतावरून कण्हत म्हणाला, "ऐका माझं. ट्रक रिकामाच परत चाललाय. हे कपाट त्यात टाका आणि बाईंच्या भावाकडे पाठवून द्या. बाकी सगळं गेलंच वर."

बाई परत खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरंच, पाठवा. शहाणपणाचं आहे ते."

"नाही!" मास्तर ओरडले. इतक्या जोरात, की हमालाच्या हातातला कंगवा पडला. वर्गातसुद्धा ते कधी असे ओरडले नव्हते. "कपाट परत जाणार नाही."

"अहो, पण का? एका कपाटासाठी किती जीव खायचा या लोकांचा?"

"कारण ते गेलं की तूही जाशील."

बोलून गेले आणि मास्तरांनाच कसंतरी झालं. हमालांनी सभ्यपणे दरीकडे तोंड केलं. मुकादम तेवढा गवतावर उताणा असल्यामुळे त्याला तोंड फिरवता आलं नाही.

"मी कुठे जाईन?" बाईंनी विचारलं.

"भावाकडे. त्याने खोली झाडून ठेवलीय. तूच म्हणालीस कपाट तिकडे ठेवू म्हणून. तुझं मन नाहीये इथे यायचं. आणि का असावं? हा रस्ता बघ! मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे मलाच ठाऊक नव्हता. त्या दिवशी जीपमध्ये मी..."

"डोळे मिटले होते," बाई म्हणाल्या.

"तुला कसं ठाऊक?" मास्तरांनी विचारलं.

"मी मागेच बसले होते ना! पहिल्या वळणापासून वरपर्यंत तुमची मान अशी खांद्यात गेलेली. मी म्हटलं, दोघांनीही मिटले तर कसं व्हायचं? एकाने तरी बघायला हवं. म्हणून मी सगळा रस्ता बघितला. यापुढे याच्याहून अरुंद वळण आहे. मग ओढा लागतो, त्याचंच पाणी तुमच्या पायावर उडालं होतं. मग एक घसरडा चढ, आणि मग घर. कपाट ठेवू म्हटलं ते या रस्त्यापायी हो. मला परत जायचं असतं, तर मी एवढे गठ्ठे कशाला बांधत बसले असते?"

"मग तू हो कशी म्हणालीस? एवढं सगळं बघून?"

बाईंनी गोल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "वर पोचल्यावर तुमचे पाय लटपटत होते. आणि तरी तुम्ही म्हणालात, काय सुंदर रस्ता आहे. म्हटलं, इतकी भीती वाटूनही ज्याला इथेच राहायचंय, त्याला एकटं कसं सोडायचं? आणि खरं सांगू का, तो सुंदरच आहे. तुम्हीच बघितला नाहीत."

मास्तर चपलेची दोरी पुन्हा बांधायला खाली वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मग आता... पाठवू परत कपाट?" शेवटी त्यांनी विचारलं.

"छे! आता इतकं आणलंय तर येऊ दे वर. सरकारी शिक्का बसलाय त्याच्यावर, परत नेलं तर तो नाक्यावरचा माणूस खुळा होईल."

पण नेणार कसं? हमाल थकलेले, मुकादम आडवा. एवढ्यात पलीकडच्या वाटेवरून धापा टाकत चार माणसं आली, त्यांच्या खांद्यावर एक स्ट्रेचर, आणि पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या, रागाने लालबुंद झालेल्या एक नर्सबाई.

"जखमी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही कळेना. मग उलगडा झाला. समोरच्या डोंगरावर एक छोटा दवाखाना होता. या भागात कुणी अडचणीत सापडलं की आरशाने उन्हाची तिरीप समोर पाडायची, ही तिथली जुनी रीत. आणि आज दवाखान्याच्या खिडकीतून बघतात तो समोरच्या वळणावरून उजेडाचा असा लखलखाट, असा लखलखाट, की नर्सबाईंना वाटलं आख्खी बस गेली दरीत. तो लखलखाट हमालांच्या भांगापायी होता हे ऐकल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मी आहे जखमी," मुकादमाने गवतातून हात वर केला.

नर्सबाईंनी त्याला दोन ठिकाणी दाबून पाहिलं. "उसण आहे. चाला हळूहळू, बरं वाटेल."

"मी चालणार नाही. स्ट्रेचर आलंय ना? मग!"

स्ट्रेचरवाल्यांपैकी वयाने मोठा होता तो म्हणाला, "बाई, आम्ही स्ट्रेचर रिकामं परत नेत नाही. बरं नसतं ते." नर्सबाई म्हणाल्या, ते खरं आहे. हमालांनी लगेच कपाटाकडे बोट दाखवलं. आणि अशा रीतीने स्ट्रेचरवर मुकादम जाणार की कपाट जाणार, यावर भर रस्त्यात बैठक बसली. मुकादमाची बाजू अशी, की स्ट्रेचर माणसांसाठी असतं. हमालांची बाजू अशी, की मग मुकादमानेच कपाट उचलून दाखवावं. मास्तरांनी घसा साफ करून दोन्हीकडून बोलायचा प्रयत्न केला, पण दोरीच्या चपलेतल्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "मुकादम, तुम्हाला पाय आहेत."

"कपाटालाही आहेत," मुकादम कळवळून म्हणाला.

पण निकाल लागला होता. कपाटाला स्ट्रेचरवर आडवं घातलं, चादर पांघरली, पट्टे आवळले, आणि पुढे नर्सबाई अशी ती वरात निघाली. मागून मुकादम एका हमालाच्या खांद्यावर रेलून, स्वतःच्या नशिबाला नावं ठेवत, पण तुरुतुरु चालत होता. वाटेत खाली उतरणारा एक गुराखी ते दृश्य बघून बाजूला झाला आणि त्याने टोपी काढली. मास्तरांनी त्याला मान लवून उत्तर दिलं, कारण त्यांना दुसरं काय करावं कळलं नाही. अरुंद वळण आलं. ओढा आला. घसरडा चढ आला. बाईंनी सांगितलं तसंच सगळं होतं. मास्तर एका हाताने बाईंचा हात धरून चालले होते, आणि डोळे उघडे ठेवून सगळं बघत होते. भीती वाटत होतीच, पण चालताना डोळे मिटायची सोय नसते.

घर आलं. सामान आत गेलं. कपाट मात्र आत जाईना. दाराचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. मास्तर घाबरून काही बोलणार, तोच बाईंनी कपाट व्हरांड्यातच ठेवायला सांगितलं, भिंतीला पाठ लावून. नर्सबाईंनी जाताना बजावलं, "दुपारी आरशावर चादर टाकत जा. नाहीतर आम्ही रोज येऊ." मुकादमाने चहा पिऊन झाल्यावर रुमालाने मिशा पुसल्या आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तो पियानो खोटा होता." मास्तरांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. दोघांनाही एकमेकांची ओळख पटली होती.

संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसली. दरीकडे तोंड करून बसायला मास्तर काही तयार होईनात. मग बाईंनी त्यांची खुर्ची उलटी फिरवली, कपाटाकडे तोंड करून. आरशात सगळा रस्ता दिसत होता. ओढा, वळणं, खाली दूरवर मुंगीएवढा ट्रक, आणि त्या सगळ्यावर उतरतं ऊन.

"आहे की नाही सुंदर?" बाईंनी विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले. या वेळी ते बघून म्हणाले.

व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात फोनला जेमतेम रेंज यायची. तिथे ठेवलेला फोन वाजला. मेहुणा होता. मास्तरांनी फोन कानाला लावला.

"काय भावोजी, पोचलात का? मग? कसा काय होता रस्ता?" आवाजातलं हसू इथपर्यंत ऐकू येत होतं.

मास्तरांनी आपल्या पायातल्या दोरीच्या चपलेकडे पाहिलं. आता खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला आणि फोन काढून घेतला.

"अरे, मी बोलतेय. हो, सगळं आलं, कपाटसुद्धा आलं. माझी ती खोली तू आता दुसऱ्या कुणाला देऊन टाक." मग मास्तरांकडे बघत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता त्या म्हणाल्या, "रस्ता ना? अरे, फारच छान आहे. गाडी अगदी दारापर्यंत येते. तू ये की एकदा राहायला." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "येताना फक्त बूट घालून ये."